बोटभर शाई

९ फेब्रुवारी

तोवर शाई मनगटापर्यंत आली होती. मी पेन तसंच उभं धरून नळाकडे धावले आणि जाता जाता सनदेवर तीन थेंब पडले. एक नावावर, एक तारखेवर, एक कुलगुरूंच्या सहीवर. आमच्याकडे सही आधी होते, नाव मागाहून लिहितात. म्हणजे आता नवी सही आणायची, म्हणजे साहेबांना सांगायचं, म्हणजे साहेब चष्म्यावरून बघणार. बघितलंच.

मायना घालायचा राहिला. दादा, हे गेल्यावर तुझं कार्ड आलं होतं, दोन ओळींचं. त्याला दोन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नव्हतं, म्हणजे पाळी माझीच होती. म्हणून लिहिते आहे. किंवा पेनासाठी लिहिते आहे असं समज.

पेन तेच. मला विद्यापीठात सनदा लिहायची नोकरी लागली तेव्हा तू तीन पेनांतून एक जोडून दिलंस ते. नळी एकाची, टोपण दुसऱ्याचं, निब तिसऱ्याची, तीही दगडावर तिरकी घासून, म्हणजे उभी रेघ जाड येते आणि आडवी बारीक. एकतीस वर्षं त्यातून नको तो थेंब पडला नाही. आता महिन्यातून तीनदा गळतं. टोपण उघडलं की टोपणातच शाई असते, किंवा दोन अक्षरं नीट येतात आणि तिसऱ्याला बदकन थेंब. आट्यांना साबण लावून पाहिला. पेन पेल्यात उभं ठेवून पाहिलं, आडवं ठेवून पाहिलं. शेवटी त्याला शिव्या दिल्या. साहेब म्हणतात, "बाई, बॉलपेन घ्या आणि सुटा." त्यांना काय सांगायचं.

एप्रिलात पदवीदान आहे. तीनशे चाळीस सनदा लिहायच्या आहेत. काय करू ते कळव.

धाकटी

—

२१ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर गेलं. तिथून माझ्यापर्यंत यायला आठवडा लागला. दुकानाला रंग चालू आहे. यापुढे खोलीवर पाठव. पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

साबण लावलास ते चूक. साबण शाईत उतरतो आणि शाई सैल होते. कोमट पाण्याने तीनदा धू.

पेन गळायची कारणं चार. नळीला चीर. झिजलेले आटे. निब आणि तिच्याखालची जीभ यांच्यात पडलेलं अंतर. चौथं, वापरणारा. पत्रावरून कोणतं ते सांगता येत नाही. पेन पाठव. शाई ओतून, धुऊन, वाळवून पाठव, नाहीतर टपालवाले मला शिव्या देतील.

पेन कसं ठेवतेस, किती भरतेस, किती वेळ हातात असतं, हे लिही. सगळं लिही. डॉक्टरला सांगतात तसं.

दुकानात गर्दी आहे. एवढंच.

दादा

—

२ मार्च

दादा,

दुकानाला रंगही चालू आणि गर्दीही. गिऱ्हाइकं रंग बघायला येतात का?

पेन पाठवते आहे. औषधाच्या गोळ्यांच्या डब्यात कापूस घालून ठेवलं आहे. ह्यांच्या गोळ्यांचे डबे अजून आहेत घरात, फेकवत नाहीत आणि उपयोगही होत नव्हता. एकाचा तरी झाला.

डॉक्टरला सांगतात तसं सांगते. सकाळी दहाला ऑफिसात जाते. पेन भरते, ड्रॉपरने, बोटभर. मग ते हातात असतं. लिहीत नसले तरी हातात असतं, ती माझी सवय तुला माहीत आहे. लहानपणी तू म्हणायचास, हिच्या हातून पेन काढायचं तर हिला आधी झोपवायला लागेल. दुपारी डबा खाते. पाचला पेन रिकामं करून धुते आणि घरी येते. घरी आल्यावर दिवा लावते, आधी बाहेरच्या खोलीतला, मग स्वयंपाकघरातला. आतल्या खोलीतला लावत नाही, तिथं काही काम नसतं. हे तू विचारलं नव्हतंस. सगळं लिही म्हणालास म्हणून लिहिलं.

ऑफिसात एक यंत्र आलं आहे. पाकिटांवरचे पत्ते छापतं. दिवसभर घुरघुरतं. शिपाई त्याला जावईबापू म्हणतो, कारण त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळा पंखा, आणि बंद पडलं की सगळे हात जोडून उभे.

एक विचारायचं होतं. तुझं पत्र तू उभ्याने लिहिलंस का? ओळी उजवीकडे खाली उतरल्या आहेत आणि "डॉक्टरला" ही ओळ वरच्या ओळीवर चढली आहे. तुझं अक्षर असं नव्हतं. मी अक्षर बघून पगार घेते, म्हणून दिसलं.

हे पत्र बॉलपेनने लिहिलं आहे. हाताला दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं.

धाकटी

—

२५ मार्च

धाकटे,

पेन आठ तारखेला पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण तपासत होतो.

पहिल्या दिवशी नळीत पाणी भरून कागदावर उभं केलं. चीर नाही. आटे चांगले आहेत. निब आणि जीभ जशी मी बसवली होती तशीच आहेत, अंगठ्याच्या नखाने बघितलं. मग शाई गळ्यापर्यंत भरली, टिपकागदात गुंडाळलं आणि निब खाली करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. चार दिवस. चालताना, जिना चढताना, झोपताना. टिपकागद कोरा निघाला. पुन्हा चार दिवस. पुन्हा कोरा.

पेनाला काही झालेलं नाही.

तू बोटभर भरतेस असं लिहिलंस. मग मीही बोटभर भरलं आणि तासभर नुसतं हातात धरून बसलो. दोन अक्षरं नीट आली, तिसऱ्याला थेंब पडला. नळीत शाई कमी असली की वर हवा राहते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. भरलेलं पेन गळत नाही. अर्धं गळतं. हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, तुला सांगायची कधी वेळ आली नाही, कारण तू सकाळी गच्च भरायचीस आणि दुपारी पुन्हा भरायचीस.

तीनशे चाळीस सनदा लिहायच्या असलेली बाई बोटभर शाई भरत नाही. आणि पेन नुसतं हातात धरून तासभर बसत नाही.

तुला दिवसाला किती लिहायचं असतं? विचारतो आहे. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

पेन अजून माझ्याकडे आहे. आट्यांतला साबण निघायला वेळ लागतो.

दादा

—

२ एप्रिल

दादा,

साबण निघायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. तूच शिकवलं आहेस.

बरं. यंत्र फक्त पत्ते छापत नाही. नावं छापतं. गेल्या वर्षीपासून सगळ्या सनदा तेच छापतं, तीनशे चाळीस सनदा दोन तासांत, आणि एक चूक नाही. माझ्याकडे राहिल्या त्या हरवलेल्या सनदा. जुन्या काळात ज्यांना हाताने लिहिलेली मिळाली त्यांची हरवली, जळली, उंदरांनी खाल्ली, तर नवी प्रत हातानेच लिहायची असा नियम आहे. आठवड्याला दोन येतात. कधी एक. ज्या सनदेवर शाई सांडली ती एका नर्सबाईंची होती. त्या समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "राहू द्या हो, माझ्यावर रोज काय काय सांडतं." मला रडू आलं, ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

उरलेला वेळ मी पेन हातात धरून बसते. टेबलावर पेन आणि दौत असली की माणूस कामात आहे असं दिसतं. जूनअखेर मी निवृत्त होते. माझं टेबल जावईबापूंच्या खोलीत जाणार आहे, त्यावर कागदांचे गठ्ठे ठेवायला.

झालं माझं. आता तुझं.

परवा दुकानाच्या नंबरवर फोन केला. एका मुलीने घेतला. म्हणाली, "मोबाइलचं कव्हर हवंय का ग्लास?" मी म्हटलं, पेनवाले आहेत का? ती म्हणाली, "आजी, आम्हाला इथं तीन वर्षं झाली. ते काका येतात कधी कधी, बाहेरच्या बाकावर बसतात. त्यांचं टपाल आम्हीच ठेवतो." गोड मुलगी आहे. तुला तिने निरोप दिला असेल, नसेल.

तीन वर्षं रंग चालला आहे का, दादा?

आणि तुझं शेवटचं पत्र. ओळी आता सरळ आहेत, पण इतक्या सरळ की पट्टी लावल्यासारख्या. मागच्या पानावर एक ओळ अर्धी आहे, पेनात शाई नसताना लिहिलेली, नुसते ओरखडे. तुला दिसलं नाही. नखाने निब तपासलीस असं लिहिलंस. तू भिंग लावून तपासायचास.

माझ्याकडे आतली खोली रिकामी आहे. विचारत नाही. सांगते आहे.

धाकटी

—

३ मे

धाकटे,

काचबिंदू आहे. डावा डोळा गेला. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, मधलं दिसतं, कडेचं नाही. पुठ्ठ्याला ओळींच्या फटी पाडून घेतल्या आहेत, त्यांतून लिहितो. म्हणून ओळी सरळ. तुझी पत्रं भिंगाने वाचतो, एका पत्राला एक दुपार जाते. तक्रार नाही. दुपारी दुसरं काही नसतं.

दुकान डोळ्यांमुळे बंद झालं नाही. गिऱ्हाईक आधी गेलं. मग डोळे. क्रम बरा होता.

ज्या इमारतीत माझी खोली आहे ती पाडणार आहेत. महिनाअखेर सोडायची. गावाबाहेर वृद्धांसाठी एक निवास आहे. एका खोलीत चार खाटा. बघून आलो. स्वच्छ आहे. जेवण वेळेवर असतं. बाकीचे तिघे भांडतात, पण ते रेडिओवरून. अर्ज भरला आहे.

तुझ्या आतल्या खोलीबद्दल. मी भिंतीला हात लावत फिरणार. भांडी पाडणार. तू ऑफिसातून सुटलीस की माझ्या कामाला लागणार. आणि तुमच्या घरी मी एकदा जेवलो आहे. ते पुरेसं आहे.

पेन पाठवतो आहे. रिकामं, धुतलेलं. भरायचं तर गच्च भर. लिहायचं नसेल तर खाली ठेव, हातात धरू नकोस.

दादा

—

९ मे

दादा,

हे पत्र सनदेच्या अक्षरात लिहिते आहे. एका पानावर सहा ओळी. भिंग लागू नये. पेन गळ्यापर्यंत भरलं आहे आणि गळत नाही.

एकदा जेवलास त्या दिवसाचं लिहिते. बारा वर्षांत त्याबद्दल कुणाशी बोलले नाही. ह्यांच्याशीही नाही.

तू दुकानातून थेट आला होतास. बोटं निळी होती. हे म्हणाले, "मेहुण्यांचं बरं आहे. काम असो नसो, हात भरलेले दिसतात." तू उठलास, हात धुतलेस, चपला घातल्यास आणि गेलास. भात ताटात तसाच होता.

मी हसले होते.

इतकी वर्षं मी मनाला सांगितलं की नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हसले. ते खोटं आहे. मला हसू आलं म्हणून हसले. विनोद चांगला होता. तुझी बोटं बघून मला नेहमीच थोडं हसू यायचं, आणि तीच बोटं होती म्हणून मला नोकरी लागली. दोन्ही खरं आहे.

तू माझं हसणं ऐकलंस म्हणून परत आला नाहीस. हे गेले तेव्हाही आला नाहीस. मला ते बरोबर वाटलं.

आता विचारते आहे. ये. भांडी पाड. मला घरात कुणीतरी काहीतरी पाडलेलं हवं आहे.

धाकटी

—

२० मे

धाकटे,

पत्र भिंगाशिवाय वाचता आलं. अक्षर अजून चांगलं आहे. "क्ष" तेवढा पूर्वी मोकळा काढायचीस.

तू हसलीस हे मला माहीत नव्हतं. मी उठून मोरीत गेलो होतो, नळ सोडला होता. पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

मी समजत होतो की तू गप्प बसलीस. नवऱ्यापुढे, ताटावर, बाई काय बोलणार, असं मी माझ्याशी ठरवलं होतं. ते ठरवायलाही दोन वर्षं लागली. मग राग गेला. मग यायची लाज वाटली. मग सवय झाली. तुझे यजमान गेले तेव्हा निघालो होतो, स्टँडवरून परत फिरलो.

म्हणजे आता हसणं नव्याने घ्यायचं आहे. या वयात. विनोद चांगला होता हेही.

वेळ दे.

दादा

—

२६ मे

दादा,

नळ चालू होता. हे मला माहीत असतं तर मी लिहिलं नसतं, आणि तू कदाचित आला असतास. लिहिलं ते परत घेत नाही. परत घेऊन काय करू, पुन्हा एकटीने सांभाळू?

आतल्या खोलीत दिवा लावून बघितला. बल्ब गेला होता. नवा आणला. खाट खिडकीकडे सरकवली, मग वाटलं उजेड डोळ्यांवर येईल, म्हणून परत भिंतीकडे. शेजारीण म्हणाली, "पाहुणे येणार वाटतं." मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मग एवढं सरकवताय कशाला?"  तिच्याकडे नऊ माणसं आहेत, तिथं खाट सरकवायला जागा नाही.

सहा दिवसांत महिना संपतो. तू निवासात गेलास तरी पत्ता कळव.

धाकटी

—

३० मे

धाकटे,

सामान बांधून झालं. एक पेटी, एक पिशवी. हत्यारांचा डबा दुकानातल्या त्या मुलीला दिला. तिला त्यातलं काही कळणार नाही, पण बारीक स्क्रू-ड्रायव्हर उपयोगी पडतील म्हणाली. "काका, येत जा हं बाकावर," असंही म्हणाली. गावाबाहेरून बाकावर बसायला कोण येणार. हो म्हटलं.

मी निवासात जातो आहे. तुझ्याकडे येत नाही. रागाने नाही. रोज सकाळी उठून तुझा आवाज ऐकायचा आणि त्यात ते हसणं शोधायचं, असं होईल. माझे डोळे कामाचे नाहीत, उरले कान. कानांना हे काम नको. पत्रात तू बरी भेटतेस. पत्रात तू खरं बोलतेस, आणि मला उत्तर द्यायला एक दुपार मिळते.

हे तुला पुरणार नाही. माहीत आहे. मलाही पुरेल असं वाटत नाही. पण आज एवढंच जमतं.

निवासाचा पत्ता पाकिटावर घालतो. खाट क्रमांक तीन. मोठ्या अक्षरात लिही. तिथल्या दुपारी लांब असतात असं रेडिओवाले म्हणाले.

निवासाची गाडी उद्या सकाळी नऊला येते.

दादा

३१ मे

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून इथंच लिहितो. गाडी साडेआठलाच आली. गाडीबरोबर आलेल्या निवासातल्या बाईंनी माझा अर्ज उभ्याउभ्या वाचला. जवळच्या नातेवाइकाचा रकाना मी कोरा सोडला होता. त्यांनी विचारलं, "कुणीच नाही का?" मी म्हटलं, बहीण आहे. त्यांनी तुझा पत्ता विचारला. तो मला पाठ होता. त्यांनी लिहून घेतला आणि विचारलं, "काही झालं तर यांना कळवायचं?" मी म्हटलं, काही झालं नाही तरी कळवा. मग पेटी गाडीत ठेवली.